देवाकडे पाठ

"आई, जरा हंय सरक. तू दिसणस नाय," धनेश म्हणाला.

विमला हात जोडून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी होती. आत रवळनाथाची काळी मूर्ती होती. गंगाराम गुरव तिच्या दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवत होता. मुलाबरोबर जाण्याचा प्रश्न घालून झाला होता. विमलान घराक कुलूप घालून झीलाबरोबर मुंबयक जावचा काय? जावचा तर उजवो दी, नसात तर डावो. देवाच्या ज्या अंगाची पाकळी आधी सुटेल ते देवाचं उत्तर. त्यावर वाडीत आजवर कोणी फिरून बोललेलं नव्हतं.

"आई, बघ ना हंय."

धनेशने देवाकडे पाठ केली होती. हात लांब करून त्याने मोबाइल समोर धरला होता. स्वतःचा चेहरा, आईचा चेहरा आणि मागे गाभाऱ्यातला देव एका चौकटीत यावेत, असा व्हिडिओ त्याला डोंबिवलीला बायकोला, भक्तीला, पाठवायचा होता. विमला अर्धी वळली. देवाकडे पाठ फिरवायची तिला सवय नव्हती. तिने मान मागे वळवून पाहिलं, पण आत अंधार होता. मूर्ती कशीबशी दिसत होती आणि पाकळ्या तर मुळीच दिसत नव्हत्या. मोबाइलवर मात्र सगळं उजळ दिसत होतं.

"मोबायलात बरो दिसता देव," दत्तप्रसाद म्हणाला. हा तिचा चुलत दीर, वाडीतला मानकरी. तोही आला आणि धनेशच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये बघू लागला. देवळात आलेल्या दोघी-तिघी बायकाही मागोमाग सरकल्या. थोड्या वेळाने विमलाही पूर्ण वळली. देवाकडे तोंड करून बसलेला एकटा गंगाराम राहिला.

मुंबईला जायचं की नाही हे देवाला विचारायचं, ही अट विमलाचीच होती. त्या अटीआडून तिने दोन वर्षं काढली होती. धनेश म्हणायचा, आता चल. ती म्हणायची, देवाक विचारूया. आज नको, उद्या. शिमग्यानंतर. पाऊस सरल्यावर. पण चतुर्थीच्या आधी ती न्हाणीत घसरून पडली, आणि शेजारची सुशीला ताक मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. त्यानंतर धनेश तिकिटं काढूनच आला. आता देवाशिवाय तिच्या बाजूने बोलणारं कोणी उरलं नव्हतं. देवा, डावो दी, असं ती मनात म्हणत होती. तसं म्हणणं बरं नाही हे तिला कळत होतं, तरी म्हणत होती.

मोबाइलवरच्या देवाच्या अंगावरून काहीतरी पांढरं ओघळलं.

"डावो!" दत्तप्रसाद ओरडला. "डावो दिल्यान!"

त्याच क्षणी आतून गंगारामचा आवाज आला, "उजवो."

सगळे वळले. गंगारामच्या हातात सुटलेली पाकळी होती. उत्तर मिळालं की देवाला ताटकळत ठेवायचं नाही, अशी रीत होती. सगळे वळून गाभाऱ्याशी येईपर्यंत त्याने उरलेल्या पाकळ्या उतरवून पाण्यात सोडल्या होत्या.

"काय रे गंगाराम? डावो पडलो मा?" दत्तप्रसादाने विचारलं.

"उजवो पडलो. ह्यो बघा," म्हणत त्याने पाकळी विमलाच्या ओंजळीत घातली. पण ओंजळीतल्या पाकळीला डावं काय आणि उजवं काय.

"काका, थांबा. रेकॉर्ड आसा," धनेश म्हणाला. त्याने मोबाइल पुढे केला. पाकळी सुटली. दत्तप्रसादाने परत लावायला सांगितलं. पुन्हा सुटली, पुन्हा डावीच.

"आता बोल."

गंगारामने मोबाइल हातात घेतला नाही. हात ओले होते म्हणून ते मागे धरून तो वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. "हेच्यात डावो दिसता खरो," तो हळूच म्हणाला. "माका उजवो दिसललो."

"दिसललो!" दत्तप्रसाद उसळला. "डोळ्यांचा ऑपरेशन करून घी म्हणान कितक्यांदा सांगलंय तुका? मोतीबिंदू वाढवन बसलंस. उद्या देवाक सोडून खांबाक हार घालशीत."

बायका हसल्या. गंगारामनेही थोडं हसून पाहिलं.

"परत विचारूया काय?" धनेशने विचारलं.

"खुळो काय रे तू? देवाक एकदा विचारलेला परत विचारतत?" दत्तप्रसाद म्हणाला. "आणि कित्याक विचारूचा? डोळ्यांनी बघला आमी."

घरी येताना विमलाची पावलं भरभर पडत होती. तिने ती मुद्दाम हळू केली.

दुपारी धनेश पडवीत येरझारा घालत फोनवर बोलत होता. "नाही म्हणतोय देव. हसू नकोस भक्ती, इथे हे असंच असतं. मी काय करू सांग? फरफटत आणू तिला? आणि पुन्हा पडली तर कोण धावणार?" शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चिरकला. आत तांदूळ निवडत बसलेल्या विमलाने मान वर केली नाही.

मग दत्तप्रसाद आला. त्याने धनेशकडून घेतलेला तो व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिथे मेसेजचा नुसता पाऊस पडत होता. मुंबईत असलेले, कधी मे महिन्यातसुद्धा न येणारे, आज सगळे जागे झाले होते. एकाने लिहिलं होतं की गुरव म्हातारा झाला. दुसऱ्याने विचारलं होतं की मागच्या वर्षी आमच्या जमिनीचा कौल तरी खरा होता का. दत्तप्रसाद एकेक वाचून दाखवत होता. त्याला मजा येत होती असं नव्हे, पण वाचायचं थांबवतही येत नव्हतं.

"आयतवारी मानकऱ्यांची बैठक लावतंय," तो म्हणाला. "कौल सांगूक जो चुकता, तेच्या हातान पूजा कशी घेवची? गंगारामाचो पुतण्यो आसा, तेका बसवूया. वैनी, तुमी फक्त बघलास ता सांगा."

"बघलंय," विमला म्हणाली. "मोबायलात."

"ता बस झाला."

तो गेला. धनेश डोक्यावर हात ठेवून आडवा झाला. विमला स्वयंपाकघरात गेली आणि तिने आपला मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. हा फोन धनेशनेच आणून दिलेला. आधी तिला त्याची भीती वाटायची. मग रोज संध्याकाळी नातीचा चेहरा त्यात येऊ लागला आणि भाकऱ्या थापताना डब्याला टेकवलेल्या फोनकडे बघायची सवय लागली. अलीकडे नात बोलायची नसली तरी ती तो तसाच उभा करून ठेवी. समोर कोणीतरी आहे असं वाटे.

आज तिने वाडीच्या ग्रुपवरचा तो व्हिडिओ लावला. पाकळी सुटली, डावी. तिने पुन्हा लावला. देवाने आपलं ऐकलं, हे पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं. मग तिची नजर पाकळीवरून सुटून स्वतःवर गेली. किती वाळलोय आपण, तिने मनाशी म्हटलं. गळ्याच्या शिरा दिसतायत. आणि हा पदर असा कसा घेतला?

पदर उजव्या खांद्यावर होता.

विमलाने डाव्या खांद्याला हात लावला. पदर जागच्या जागी होता. सकाळपासून तीच साडी अंगावर होती. तिने फोन उचलला आणि आतल्या खोलीत भिंतीवरच्या आरशापुढे जाऊन उभी राहिली. आरशातल्या बाईचा पदर आणि फोनमधल्या बाईचा पदर एकाच बाजूला होते.

ती पलंगाच्या कडेवर बसली.

म्हणजे देवाने उजवा दिला होता. आपण सगळे त्याच्याकडे पाठ करून उलटा देव बघत उभे राहिलो.

हे कोणाला कळणार होतं? व्हिडिओ गावाने बघितला, मुंबईने बघितला, पण सगळ्यांनी पाकळी बघितली. विमलाकडे कोणी बघितलं नव्हतं. उद्या धनेश एकटा परत जाईल, दोन दिवस रुसेल, मग संध्याकाळी फोन करील. आपण इथेच असू. माडांना पाणी घालू. तिने फोन पालथा घालून पलंगावर ठेवला, आणि जरा वेळाने उशीखाली सरकवला.

तिन्हीसांजेला मागच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. गंगाराम होता. पुढच्या दाराने यायचं त्याने टाळलं होतं.

"वैनी, आसास काय?"

"या गंगारामदादा. बसा. च्या ठेवतंय."

"च्या नको." पण तो पायरीवर बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "तुमच्या घरच्या कामात माझ्यान घोळ झालो. दोन शब्द बोलूक इलंय."

"घोळ कसलो?"

"माका उजवोच दिसलो. आता डोळे मिटले तरी उजवोच दिसता. पण मोबाइल कित्याक खोटा सांगात? तेका काय कोणाची बाजू घेवची आसा?" तो थोडा वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "दत्तप्रसाद म्हणता ता खरा आसात. दुपारपासून एकच डोक्यात येता. गोविंदाच्या चेडवाचा लगीन मोडूक सांगलंय, देवान डावो दिल्यान म्हणान. सुशीलाच्या घोवाक ऑपरेशन करू नको सांगलंय. तो गेलो, ती एकटी रवली. तेव्हा माका दिसलो तो डावोच होतो काय? की तेव्हापासूनच..."

त्याने टोपी मुठीत धरली.

"आयतवारची बैठक कित्याक व्हयी? मीच उद्या देवळाची चावी खाली ठेवतंय. ह्या सांगूक इल्लंय. तुमी सुखान घरात रवा."

तो उठला. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरून. विमला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सुखान घरात रवा. घराभोवतीच्या आवाडाच्या टोकाला बेड्याचं फाटक होतं, आणि तो तिथवर पोचला की मग हाक मारायची गरज राहणार नव्हती. तो चिऱ्याच्या पायऱ्या जपून उतरत होता. एक पाय खाली ठेवून तो दुसऱ्या पायरीसाठी चाचपडत होता. खरंच त्याला नीट दिसत नव्हतं. संध्याकाळी नाही दिसत, पण सकाळी समईच्या उजेडात, वितीवरच्या देवाचं अंग त्याला दिसलं होतं.

"गंगारामदादा!" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "थांबा. जाव नकात. धनेश! रे धनेश, मागल्या दाराक ये. तुझो मोबाइल हाड."

धनेश धावत आला. त्याला वाटलं आई पुन्हा पडली.

"तो सकाळचो लाव."

"आई, आता पुरे कर गो."

"लाव सांगतंय ना! पाकळी नको बघू. माका बघ. माझो पदर खंय आसा?"

धनेशने बघितलं. मग समोर उभ्या आईकडे बघितलं. मग पुन्हा फोनकडे. "उलटा आलाय," तो पुटपुटला. "पुढचो कॅमेरो... आरशासारखा येता त्यात. सगळाच उलटा आलाय." त्याला हसू फुटत होतं, पण आईचा चेहरा पाहून ते अर्ध्यावर थांबलं. "म्हणजे काकांका दिसलो तोच खरो?"

"उजवो," विमला म्हणाली.

गंगाराम जिथे होता तिथेच, पायरीवर, पुन्हा बसला. त्याने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "उजवोच होतो," तो कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. "वैनी, तर मग तुमका जावचा लागतला."

"जातलंय."

"सांगला नसतास तर कोणाक कळणा नाय होता."

"माका कळलला," विमला म्हणाली. "धनेश, तुमच्या त्या ग्रुपावर लिही. गुरवाचा बरोबर होता म्हणान लिही. आमीच देवाकडे पाठ करून उभे होतो, ता पण लिही."

"लिहितो."

"आता लिही. माझ्यासमोर."

धनेशने पायरीवर बसून लिहिलं. तिने चष्मा आणून ते वाचून घेतलं, मगच पाठवू दिलं. दुपारपासून किलबिलणारा ग्रुप बराच वेळ गप्प राहिला. शेवटी दत्तप्रसादाने एक अंगठा टाकला.

निघायच्या दिवशी सकाळी धनेशने पाण्याची मोटर बंद केली, गॅस बंद केला. पिशवीतून त्याने एक लहानसा कॅमेरा काढला आणि तो पडवीच्या वाशाला लावण्यासाठी स्टूल ओढलं. "ह्यो लावतंय. डोंबिवलीत बसून तुका घर दिसात."

"नको."

"अगो, फुकट दिसात. कधीय बघ."

"कुलूप घातलेल्या घरात काय बघूचा? रवांदे तेका एकटा."

त्याने कॅमेरा परत पिशवीत टाकला. रिक्षा बेड्याशी येऊन थांबली होती. कुडाळला गाडी गाठायची होती आणि वाटेवरच्या कट्टा गावच्या बाजारात आज गर्दी असणार होती. विमलाने तुळशीला पाणी घातलं, दार ओढलं, कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. मग अंगणात येऊन ती थांबली.

"आई, थंयच थांब. एक फोटो काढतंय. घरासकट."

त्याने फोन वर केला. फोनच्या मागे त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

"धनेश," ती म्हणाली. "ता खाली ठेव. आदी बघ."

"काय बघू?"

"बघ नुसता."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. धनेशने फोन खाली केला. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या मागच्या दाराकडे, कौलांकडे, आणि पुन्हा आईकडे. या वेळी त्याला डोळे पटकन हलवता आले नाहीत. विमला अंगणात तशीच उभी राहिली, फोटो काढताना माणूस राहतं तशी, हात सरळ सोडून, न हलता, त्याचं बघून होईपर्यंत.