आयशाबीचं उत्तर

अपेक्षा राजापेठेतल्या एका ट्युशन क्लासमध्ये फी आणि प्रवेशाचं काम बघायची. तिथल्या सगळ्या मॅडमनी ते नवं अ‍ॅप घेतलं, म्हणून तिनंही घेतलं. त्यात फोटोंचा सोस नव्हता, व्हिडिओ नाचत नव्हते, नुसतं लिहायचं. सुरुवातीला अ‍ॅपनं स्वतःबद्दल एक ओळ मागितली. तिनं लिहिलं, 'राहणार अमरावती, माहेर बाळापूरकडचं.' मग पहिली पोस्ट टाकली, 'नमस्कार, कोणी आहे का इथं?' तिचा नवरा अमोल आणि एक मावसबहीण, एवढ्या दोघांनी बदाम दिला. पुढं बरेच दिवस ती दुसऱ्यांचंच वाचत बसली. आपल्याकडे लिहिण्यासारखं आहे तरी काय, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी नेहमीसारखा आईचा फोन आला. वडील वारल्यापासून दुर्गाबाई गावात एकट्याच शेती बघत. त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता आणि घरोघरी कापूस आढ्याला लागला होता.

"भाव वाढीन म्हनून घरात ठेवला व," आई म्हणाली. "भाव तं नाही वाढला, अंगाची खाज वाढली. आता खाजीलेच कोनी भाव देत असन तं इकून टाकतो."

अपेक्षा हसली आणि फोन ठेवल्यावर ते जसंच्या तसं अ‍ॅपवर लिहिलं. सकाळी उठून बघते तो हजारो लोकांनी वाचलेलं. पुण्याचे, नाशिकचे, कुठले कुठले लोक विचारत होते, तुमच्या आई अजून काय म्हणतात?

त्यानंतर तिचं ऐकणं बदललं. आधी ती फोन खांद्याशी धरून भाजी निवडायची, मध्येच आपलंही गाऱ्हाणं सांगायची. आता ती गप्प राहून आईला बोलतं करायची आणि चांगलं वाक्य आलं की टिपून घ्यायची. आईला वाटलं, पोरीला आता आपल्या शेतीत गोडी वाटून राहिली.

"आईला सांगितलंस का?" अमोलनं एकदा विचारलं.

"सांगीन ना. नावं कुठं ठेवतेय कोणाला?" ती म्हणाली.

पेरण्या आटोपल्यावर आईनं आयशाबीचा किस्सा सांगितला. आयशाबीचं शेत दुर्गाबाईंच्या शेताला लागून, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यातली. अपेक्षाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात आईजवळ आयशाबीच होती.

"आयशाबीनं यंदाबी दोन ओळी माह्या धुऱ्यात पेरल्या," आई सांगत होती. "म्या म्हनलं, बाई, अशीच सरकत सरकत एक दिवस माह्या चुलीपाशी येशीन! तं मले म्हनते कशी, येईन तं काय उपाशी जाईन? चहा मांडून ठेव, शक्कर जास्त टाकजो. मंग बसलो दोघी धुऱ्यावर. हासू हासू पोट दुखलं बाप्पा."

अपेक्षानं लिहायला घेतलं. पोस्ट लांब होत होती, आणि गंमत तर चुलीच्या वाक्यातच होती. तिनं आयशाबीचं उत्तर गाळलं. नाव मात्र तसंच राहू दिलं. नावामुळं ते खरं वाटत होतं.

दुपारपर्यंत त्या पोस्टखाली वेगळेच लोक जमले होते. 'यांचं हे असंच असतं.' 'आज धुरा, उद्या घर.' 'ताई, घाबरू नका, गावाचं नाव सांगा.' त्याखाली त्याहून वाईट. 'तसं नाही, त्या मैत्रिणी आहेत' असं अपेक्षानं एकाला लिहिलं, तर तो तिलाच भोळी म्हणाला. तिनं पोस्ट काढून टाकली. पण तोवर कोणीतरी त्या पोस्टचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला होता.

संध्याकाळी जिब्रानचा फोन आला. जिब्रान आयशाबीचा मुलगा. बाळापुरात त्याचं मोबाइलचं दुकान होतं, आणि लहानपणी दोघं एकाच ऑटोनं शाळेत जायचे.

"अपेक्षाताई, हे तुम्हीच लिहिलं का?"

"जिब्रान, अरे, ते तसं नव्हतं..."

"मले माहीत आहे कसं होतं. अम्मी घरी येऊन हसत हसत सांगत होती. पण आता गिऱ्हाईक दुकानात येऊन वाचून दाखवून राहिले."

रविवारी ती गावाला गेली. आई दारातच बसली होती. "म्या तुले सांगतलं होतं व, जगाले नाही," एवढंच म्हणाली आणि पायात चप्पल घालून तिच्याबरोबर निघाली. आयशाबीच्या दाराशी मात्र ती बाहेरच थांबली. "तू जाय. लिवलं तं तूच."

आयशाबीनं पाणी दिलं, चहा केला. अपेक्षानं माफी मागितली. पोस्ट काढली, पूर्ण गोष्ट पुन्हा लिहिली, हे सांगितलं. ती दुसरी पोस्ट कोणी वाचली नाही, हे सांगायचं टाळलं.

"बेटा, तुह्या मायनं म्हनलं त्याचं मले काही नाही," आयशाबी म्हणाली. "ते तं तिनं माह्या तोंडावर म्हनलं. पन मीबी तं काही बोलली होती ना? माहं बोलनं काहून नाही लिवलं?"

पोस्ट लांब होत होती, हे त्या घरात बसून अपेक्षाच्या तोंडून निघेना.

दिवाळीच्या आधी आयशाबीच्या घरच्यांनी मोजणी आणली आणि धुऱ्यावर तारेचं कुंपण घातलं. भांडण झालं नाही. जिब्रान म्हणाला, कोणाच्या तोंडाला विषय नको. दुर्गाबाईंनी मोजणीवाल्यांना चहा पाठवला.

अपेक्षानं अ‍ॅप बंद केलं. आईचा फोन अजून संध्याकाळी येतो. तुरीला फुलोरा आला, विजेचा खोळंबा झाला, तू जेवली का, एवढं बोलून ती थांबते. अपेक्षा विचारत राहते, आणखी काय, आणखी काय. आई म्हणते, काही नाही.

परवा मात्र ती आपणहून बोलली.

"आयशाबी भेटली होती बजारात."

"मग? बोलली का?"

"बोलली ना. चांगली बोलली. तब्येत इचारली. तुमी कशा हाय, म्हने. इतक्या वर्सात मले कधी तुमी नाही म्हनली व ते."