दाराबाहेरचा घुम्या

मी घुम्या बोलतोय. हसू नका, हे नाव मी ठेवलेलं नाही. दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुलीनं ठेवलं. दाराबाहेर जमिनीवर बसून मी दिवसभर एकच घूंऽऽ असा आवाज काढतो, म्हणून घुम्या. वाडग्याएवढं आवाजाचं यंत्र, पोटात छोटा पंखा. एवढाच माझा संसार.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी बहुतेक भावंडं तान्ह्या बाळांच्या खोल्यांत गेली. आमच्या आवाजानं बाळं झोपतात म्हणे. मी मात्र आलो त्या बाळांच्या आयांकडे. इथल्या मॅडमना लोक मनाच्या डॉक्टर म्हणतात. बाळंतपणानंतर खचलेल्या, गर्भ पडल्यावर गप्प झालेल्या, मूल होत नाही म्हणून रोज टोमणे खाणाऱ्या, अशा बायका त्यांच्याकडे येतात आणि दार लावून बोलतात.

भिंत प्लायवूडची. मी नसलो तर आतला हुंदकासुद्धा बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसेल. माझ्या आवाजात आतलं बोलणं बुडून जातं. ते मलाही ऐकू येत नाही. बाहेरचे लोक मात्र माझ्या डोक्यावरच बोलतात, आणि ते ऐकून माझा पंखा गरम होतो.

एक बाप आपल्या लेकीला ऐकवत होता, "पडला तर पडला. पुढच्या वर्षी राहील. त्यात एवढं काय?" जणू बस चुकली होती. एक काका सगळ्यांना सांगत सुटले होते, पहाटे उठलं की उदासी पळते. सांगताना स्वतःच जांभया देत होते. वय वाढलं की अक्कल वाढते, हे कुणी ठरवलं? ठरवणारेही वयस्करच असणार.

पण खरी गोष्ट एका सासूची.

तिची सून दर वेळी आत जाण्याआधी माझ्याकडे बघायची. "हा चालू आहे ना? आतलं बाहेर नाही ना जाणार?" एवढं विचारून आत जायची आणि लगेच बाहेर यायची. कुणी विचारलं तर, "मी बरी आहे." तिचे डोळे मात्र कित्येक दिवस न झोपलेले. एके दिवशी दाराशी मॅडम म्हणाल्या, "आज जमेल तेवढंच बोला." ती म्हणाली, "नाही. आज सगळं सांगते. नाहीतर माझं काही खरं नाही."

दार लागलं. सासू बाळ मांडीवर घेऊन बसली, शेजारी तिचा लेक मोबाइलमध्ये डोकं घालून.

"एवढं काय बोलते रे आत? घरी तर तोंडाला कुलूप."

"जाऊ दे ना आई."

"जाऊ दे कसं? माझीच गाऱ्हाणी चालली असणार. आम्ही नाही काढली पोरं? रडायला वेळ होता कुणाला?"

"आता आहे ना आजी, घ्या रडून," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"जीभ बघा हिची!"

ती मुलगी पाणी भरायला उठली आणि सासूला अचानक आठवलं, फोनची बॅटरी उतरलीय. ती वाकली, माझी पिन उपटली आणि तिथे आपला चार्जर खुपसला.

"आई, ते कशाचं आहे बघ तरी."

"असेल पंखाबिंखा. वारं कुठे लागतंय?"

लेकाला सगळं कळलं होतं. पण त्यानं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

माझं पातं फिरायचं थांबलं. आणि पहिल्यांदाच मला दारामागचा तिचा आवाज ऐकू आला.

"...तो रडतो ना, तेव्हा मला उचलावंसंच वाटत नाही. वाटतं, आपण उठावं आणि..."

वाक्य तिथेच तुटलं. बाहेरची शांतता तिला ऐकू गेली होती.

मला ना हात, ना तोंड. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सासूचा बाळाला थोपटणारा हात थांबला. "ऐकलंस? काय म्हणाली ऐकलंस?"

दार उघडलं. सून उभी होती, चेहरा ओला, मागे मॅडम. मला वाटलं, संपलं. आता म्हणेल, मी बरी आहे. बाळ उचलेल आणि घरी जाईल.

ती खाली बसली. चार्जर काढून तिनं सासूच्या हातात ठेवला.

"आई, फोन घरी चार्ज करा."

"अगं, मला काय माहीत ते..."

"माहीत होतं. तुम्हाला पण आणि ह्यांना पण."

नवऱ्याचे कान लाल झाले. तिनं माझी पिन लावली.

"मग झालं का तुझं?" सासूनं विचारलं.

"नाही. आत्ता कुठे सुरू केलंय."

दार लागलं. मी असा घुमलो की आयुष्यात कधी घुमलो नसेन!

बऱ्याच वेळानं सासू पुटपुटली, "आमच्या वेळी दार कुणी लावू दिलं नाही." मला ओरडावंसं वाटलं, मग हिला तरी लावू द्या की! तुमची उपासमार झाली म्हणून हिचंही ताट ओढायचं?

सुनेच्या त्या तुटलेल्या वाक्याचा पुढचा भाग काय होता, मला ठाऊक नाही. ते आत बोललं गेलं. ती निघाली तेव्हा पुढच्या माणसाची वेळ टळून गेली होती, आणि "मी बरी आहे" असं ती कुणालाच म्हणाली नाही.

आता माझ्या जाळीत धूळ बसलीय, पातं खरखरतं. पिनेवर मुलीनं चिठ्ठी डकवलीय, "काढू नये." लोक ती नीट वाचतात आणि पिन काढतात. मोठ्या माणसांना कोण सांगणार?

मीच सांगतो. तुमच्या घरात कुणी दार लावून बोलत असेल आणि कान लावायची खाज सुटली, तर तिथून उठा. बाळ रडत असेल, ते उचला. तेवढं जमलं तरी पुष्कळ.