बोटीच्या दिवशी शटर

आमच्या गल्लीतून मयत निघालं की दुकानांची शटरं कमरेपर्यंत खाली येतात. कुणाला सांगावं लागत नाही. स्टामाटिस मामाचं केस कापायचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे पहिलं शटर त्याचंच पडायचं. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तोंडाला फेस घेऊन खुर्चीत बसून राहायचं आणि मामा दारात मान खाली घालून उभा. माझे सासरे गेले तेव्हा तर त्याने संध्याकाळपर्यंत शटर वर केलं नाही.

तोच मामा सोमवारी गेला. दफन मंगळवारी, आणि मंगळवार म्हणजे बोटीचा दिवस.

पर्यटकांची बोट सकाळी धक्क्याला लागते आणि दुपारी सुटते. तेवढ्या वेळात तिच्यातली माणसं किल्ल्याचा दरवाजा बघतात, जुनं कारंजं बघतात, आईस्क्रीम चाटत आमची गल्ली पालथी घालतात आणि फ्रिजला चिकटवायची गाढवं विकत घेऊन परत जातात. ती गाढवं माझा नवरा विकतो. आमची चूल त्यांच्यावरच पेटते, हे मी विसरलेले नाही. अर्गिरिस, म्हणजे माझा नवरा, दुकानदारांच्या संघटनेचा अध्यक्षही आहे.

सोमवारी संध्याकाळी संघटनेने ठरवलं की बोटीच्या दिवशी कुणीही शटर ओढायचं नाही. निरोप द्यायला अर्गिरिस स्वतः मामीकडे आला. मामाला गाडीत घालून खालच्या रस्त्याने न्या म्हणाला, एवढ्या गर्दीत उगाच त्याची आबाळ होईल. मामा आतल्या खोलीत निजवलेला होता आणि हा मामाची काळजी करत होता. मी तिथेच लोकांना कॉफी देत होते. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालिओपी मामीने अर्गिरिसला कॉफी दिली. ती कबूल झाली असं समजून हा गडी निघून गेला.

मंगळवारी चार भाच्यांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि मामीने बोट दाखवलं ते गल्लीकडे. पुढे पाद्री, मागे पेटी, तिच्यामागे मामीचा हात धरून मी. मामाचं बंद दुकान सोडलं तर एकही शटर पडलेलं नव्हतं. ज्यांच्या दाढ्या मामाने जन्मभर केल्या ते सगळे खोक्यांत डोकी खुपसून बसले होते. हातात झेंडी घेतलेल्या एका बाईने आपला घोळका भिंतीला लावला आणि तुमचं नशीब चांगलं, इथली खरीखुरी रीत बघायला मिळतेय, असं त्यांना सांगितलं. लगेच फोन वर झाले. त्यांचा मला राग आला नाही. एका सकाळपुरती आलेली माणसं, त्यांना काय कळणार? ज्यांना कळत होतं ते आत गाढवं कागदात गुंडाळत होते.

आमच्या दुकानासमोर आल्यावर मामीने माझा हात सोडला. "खाली ठेवा," ती म्हणाली.

भाचे एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणीतरी शेजारच्या कॅफेतून खुर्च्या आणल्या आणि पेटी त्यांच्यावर ठेवली, अगदी आमच्या दारासमोर. तिसऱ्या खुर्चीवर मामी बसली. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं आणि ते सावली बघून भिंतीला टेकले.

अर्गिरिस बाहेर आला. गाढवं गुंडाळतानाची चिकटपट्टी त्याच्या बोटाला तशीच होती. "मामी, असं काय करताय," तो हळू आवाजात म्हणाला. "लोक बघतायत. तुम्ही पुढे चला, मी येतोच ना चर्चमध्ये."

"जाईन की," मामी म्हणाली. "मला घाई नाही. ह्याला तर मुळीच नाही. घाई तुमच्या बोटीला आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू तरी समजाव ना त्यांना."

मी दुकानात शिरले. गिऱ्हाइकांना हातानेच बाहेर काढलं, कोपऱ्यातला लोखंडी आकडा घेतला आणि बाहेर येऊन शटर ओढलं. कमरेपर्यंत ओढायचं असतं, मी जमिनीला टेकवलं. तो आवाज गल्लीभर गेला. मग समोरच्या चपलावाल्याचं अर्धं शटर खाली आलं, त्याच्या शेजाऱ्याचं आलं, आणि बघता बघता चर्चपर्यंत सगळ्यांची आली. घोळक्यातल्या एका म्हाताऱ्याने कुणी न सांगता टोपी काढली. माझ्या नवऱ्याने अजून काढली नव्हती.

मामी उठली. "उचला," म्हणाली.

दफन झाल्यावर तिने सगळ्यांना कॉफी आणि ब्रँडी दिली. अर्गिरिसलाही दिली. ती तशी आहे, मी नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, अर्धं ओढलं असतंस तरी चाललं असतं, आता संघटनेला मी काय तोंड दाखवू?

"तू एक कर," मी म्हणाले. "मरायचं झालं की बोट नसेल असा वार बघून मर. बोटीच्या दिवशी गेलास तर तुझ्यासाठी शटर ओढायला मामा काही आता उठून येणार नाही."