मागून गरम!

दादांच्या बेकरीत एका नियमाला अपवाद नव्हता. भट्टीतून काढलेला ट्रे घेऊन कोणाच्या पाठीमागून जायचं असेल, तर आधी ओरडायचं, "मागून गरम!" वडिलांच्या काळापासूनची ही रीत. जो विसरेल त्याची खैर नसे. "पाठीला डोळे असतात का रे?" असं दादा खडसावत आणि चुकलेला कारागीर मुकाट्यानं मान खाली घाली.

असे हे दादा धाकट्या भावाच्या बाबतीत मात्र चुकले. चुकले तेही मायेपोटीच.

धाकटा युद्धावरून हातीपायी धड परतला. सगळ्यांना वाटलं, सुटलो! पण बेकरीत कामाला लागल्यावर एकेक दिसू लागलं. भिंतीला पाठ टेकल्याशिवाय तो बसेना. पीठ मळताना नजर दारावर. आणि कुठं पत्रा वाजला, की हा टेबलाखाली!

"कर्नलसाहेब, शत्रू पळाला, या बाहेर!" कारागीर हसत. तोही हसे, पण बाहेर येताना आधी दाराकडं बघे.

"एवढा लढाईतला गडी आणि ट्रेला घाबरतोस?" दादा म्हणत.

"घाबरत नाही रे दादा. अंग आधी पळतं. मला मागाहून कळतं."

"डॉक्टरांना दाखवू या," दादांची भावजय, म्हणजे धाकट्याची बायको, म्हणाली, तर दादांनी ते उडवून लावलं. "लोक वेडा ठरवतील त्याला! सवय मोडलीय, एवढंच. लहानपणी पाण्याला भ्यायचा, मी दिला ढकलून. शिकला की नाही पोहायला?"

आणि दादांनी स्वतःच इलाज सुरू केला. धाकट्याचं लक्ष नसलं, की त्याच्यामागं रिकामा ट्रे जोरात आपटायचा आणि काही झालंच नाही, असं दाखवून कामाला लागायचं. भीती मरेपर्यंत.

एके दिवशी त्यांनी ट्रे आपटला, तेव्हा धाकट्याची मुलगी, चिमणी, शाळेतून येऊन बापाशेजारी स्टुलावर पाव खात बसली होती. आवाज झाला मात्र, धाकट्यानं तिला खाली खेचलं, फरशीवर पाडलं आणि तिच्या अंगावर पडला. "डोकं वर काढू नकोस!" तो ओरडत होता. चारचौघांनी ओढलं तरी सोडेना. चिमणीचं मनगट मोडलं.

भानावर आल्यावर त्यानं तिचा हात पाहिला. दुसऱ्या दिवशी तो मागच्या गल्लीत भाड्याची खोली घेऊन राहू लागला. शाळा सुटताना मुलीला रस्त्यापलीकडून बघे. जवळ जात नसे.

"पोटच्या पोरीला मारेल, असं वाटलं नव्हतं," दादा हळहळून म्हणाले.

भावजय ताडकन उठली. "मारलं? दादा, तो तिला झाकत होता!"

ती दादांसमोर येऊन उभी राहिली.

"मी दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाल्या, याला आघातानंतरचा ताण म्हणतात. पुन्हा पुन्हा जिवावर बेतलं, की मेंदू धोका हेरायला उतावीळ होतो. विचार जागा होण्याआधीच शरीर काम उरकून मोकळं होतं. हा भित्रेपणा नाही, आजार आहे. त्यावर उपचार आहेत."

"पण मी सवयच लावत होतो ना..."

"सवय डॉक्टरही लावतात. पण सांगून, हळूहळू, त्याच्या मर्जीनं. तुमच्या बेकरीत साधा ट्रे न्यायचा तरी हाक द्यावी लागते. मग तुमच्या भावाच्याच पाठीला डोळे होते का, दादा?"

दादा पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. अरेरे! सगळ्या जगाला लावलेला नियम सख्ख्या भावाला नाही लावला!

त्याच संध्याकाळी ते त्या खोलीवर गेले. "ते ट्रे पडत नव्हते रे," ते कसेबसे म्हणाले. "मी पाडत होतो."

"रोज कसे ट्रे पडतील, असं वाटायचं मला," धाकटा म्हणाला. "म्हटलं, आवाज होतच नसेल. माझ्याच डोक्यात वाजतंय. मला खरंच वेड लागलंय. दादा, एकदा तरी सांगायचं होतंस."

तो रागावला असता, तर दादांना बरं वाटलं असतं.

उपचार सुरू झाले. आता ट्रे ठेवायच्या फळ्यांवर जाड गोणपाट असतं. धाकटा दुपारी कामाला येतो, पण झोपायला अजून त्या खोलीवरच जातो. चिमणीचं प्लॅस्टर निघालं, मनगट मात्र किंचित वाकडंच राहिलं. दादांची नजर रोज तिथंच अडते.

परवा ती बेकरीच्या दारात थांबली. बाप पाठमोरा होता.

"बाबा, मागून येतेय हं!"

त्याचे खांदे ताठ झाले. मग सावकाश उतरले. "ये," तो म्हणाला.

वाचकहो, लढून आलेल्या माणसाच्या जखमा आपण अंगावर शोधतो आणि तिथं दिसल्या नाहीत, की त्याला भित्रा म्हणून मोकळे होतो. घरोघरी असे ट्रे आपण आपटतो. कधी थट्टेनं, कधी मायेनं, कधी लोकलाजेनं. त्याला डॉक्टरांकडं न्या, त्याचं ऐका, त्याच्या घरच्यांनाही आधार द्या. आणि जवळ जाताना आधी हाक द्या. दादांना ही हाक ठाऊक होती. ती वेळेवर दिली नाही, एवढंच.