विचारून सांगतो

रविवारी सकाळी बिडकीनहून निघताना रामकिसननं पिशवीत ज्वारीचं पीठ, लसणाच्या गड्ड्या आणि नातीसाठी बोरं घातली. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. त्याची बायको आशाबाई दारात येऊन उभी राहिली.

"तिकडं लई बोलू नका," ती म्हणाली. "पाव्हणे म्हणतील त्याला व्हय म्हणा. लेकीला त्यांच्यातच नांदायचंय."

"व्हयच म्हणत आलोय की इतके दिस," रामकिसन म्हणाला आणि चपला घालून फाट्याकडे निघाला.

बजाजनगरात लेकीच्या सासरी आज बैठक होती. बैठक म्हटल्यावर कोणालाही वाटेल, सोडचिठ्ठीची असेल, नाहीतर जागेच्या वाटणीची. तसलं काही नव्हतं. रामकिसनच्या लेकीनं, सायलीनं, औषध घ्यावं की न घ्यावं हे ठरवायला चार माणसं जमणार होती.

एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली, पण त्याचं लक्ष बाहेर नव्हतं. सायलीचे हात त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. नातीच्या, संस्कृतीच्या, जन्मानंतर तिची बोटं सुजू लागली. सासू लक्ष्मीबाई म्हणाली, गार पाण्यात हात घातल्यानं होतंय. मग तेलं झाली, लेप झाले, दुखणं दाबायच्या गोळ्या झाल्या. सकाळी उठल्यावर तास-दोन तास मूठ वळत नसे. दुधाची पिशवी ती दातांनी फोडायची आणि पोरीची वेणी शेजारणीकडून घालून घ्यायची. शेवटी सासरहून निरोप आला, माहेरी नेऊन दुरुस्त करून पाठवा. धडधाकट असते तोवर सून सासरची, अंथरुणाला खिळली की माहेरची. आपल्याकडच्या शहाण्यासुरत्या घरांतही हे असंच चालतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

रामकिसननं तिला शहरातल्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उठलंय. नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांनी सांधे आतून झिजायचे थांबणार नाहीत. आता वरचं, जोरदार औषध सुरू करायची वेळ आली आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, अधूनमधून रक्त तपासायचं, आणि ते चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. दुसरं मूल हवं असेल तेव्हा आधी सांगा, औषध बदलून, काही महिने थांबून तेही जमवता येईल. "काय करू या?" बाईंनी सायलीकडे बघून विचारलं.

सायलीनं तोंड उघडायच्या आत रामकिसन म्हणाला होता, "तिच्या सासरी इचारून सांगतो."

सासरी विचारलं तर लक्ष्मीबाई म्हणाली, "आमाला काय इचारता, इवाई? दुखणं तुमच्याकडून आलंय, तुमीच ठरवा. पर एक सांगून ठेवते, नातू व्हायच्या आधी आसलं औषध घरात येणार नाय." रामकिसनला वाटलं, आपण पुढं होऊन हो म्हणावं, तर दुखणाईत पोर गळ्यात मारल्याचं आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं होणार. जावई सोमनाथ, वाळूजच्या एका कारखान्यात कामाला, सरळमार्गी माणूस. तो म्हणे, आई म्हणेल तसं. याला दोन पावसाळे उलटले होते.

सोमनाथला मागे कावीळ झाली होती. तेव्हा कोणी बिडकीनला निरोप धाडला नव्हता की बैठक बसवली नव्हती. सकाळी डोळे पिवळे दिसले आणि दुपारी तो दवाखान्यात होता. वाचकांनी आपापल्या घरात आठवून पाहावं, सुनेच्या दुखण्याला इतकी घाई कधी झाली होती.

रामकिसन पोचला तेव्हा सतरंजी अंथरलेली होती. लक्ष्मीबाई आणि तिचा भाऊ कचरूमामा भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही घरांमधली बोलणी मामाच करायचा. सोमनाथ मोबाईलमध्ये तोंड घालून कोपऱ्यात बसला होता. सायली स्वयंपाकघरात होती.

"या पाव्हणं," कचरूमामा म्हणाला. "तर कसंय, पोरीला तरास हाय, आमाला कळत नाय का? पर आधी पोरगं होऊ द्या. मग काय ते औषध घेईना का जल्मभर."

"डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, उशीर नगं," रामकिसन चाचरत म्हणाला.

"डॉक्टरचं काय जातंय? पाडव्यानंतर बघू. का वो, तुमचं काय म्हणणं?"

रामकिसन सवयीनं व्हय म्हणणार होता. तेवढ्यात सायली दारात आली. हात तिनं पदराखाली धरले होते.

"चहा ओट्यावर ठेवलाय," ती म्हणाली. "कुणीतरी आणा. मला ट्रे उचलत नाय."

कोणी जागचं हललं नाही. मग ती त्याच सुरात, धुण्याभांड्याचं सांगावं तसं म्हणाली, "आन् त्या औषधाचं म्हणाल तर मी घ्यायला लागले. गेल्या सोमवारी पहिली गोळी घेतली."

सोमनाथनं मोबाईल खाली ठेवला. लक्ष्मीबाईचा चेहरा उतरला. कचरूमामा सरसावून बसला. "कुणाला इचारून?"

आयुष्यात त्यानं व्याह्यांपुढं मान वर केली नव्हती. आज त्यानं केली. "मला इचारलं व्हतं तिनं," तो म्हणाला. "मीच घे म्हणलो."

खोटं होतं, पण बापाच्या मायेचं होतं. सायलीनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, फार दिवसांचा शीण तेवढा होता.

"नाय दादा," ती म्हणाली. "तुम्हालाबी नव्हतं इचारलं. मी एकटी गेले, डॉक्टरला इचारलं आन् सुरू केलं. दुसरं लेकरू नको म्हणत नाय मी. पर पैल्या लेकराची वेणी घालता येईना मला. आता जे काय बोलायचं ते मला बोला. दादांना बोलावत जाऊ नका."

ती आत गेली. बाहेर कचरूमामाचा आवाज चढला, लक्ष्मीबाईनं डोळ्याला पदर लावला. सोमनाथ एकदा म्हणाला, "राहू द्या ना मामा." कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रामकिसन उठला आणि व्याह्यांच्या स्वयंपाकघरात गेला. असा तो कधी गेला नव्हता.

सायली ओट्याला टेकून उभी होती. त्यानं तिचा उजवा हात हातात घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाहेरच्या बाजूला कलली होती. त्यानं ती हळूच सरळ करून पाहिली. होईनात.

"औषधानं व्हतील का ही सरळ?" त्यानं विचारलं.

"ही दोन नाय व्हायची. बाकीची वाचतील म्हणाल्या बाई. गुण यायला महिना-दोन महिने लागतात."

रामकिसननं बराच वेळ तो हात सोडला नाही. "तवाच सुरू केलं असतं तर?"

सायलीनं हात सोडवून घेतला.

"चहा निवतोय, दादा," ती म्हणाली. "तेवढा बाहेर न्या."