इदरीसच्या मीटरच्या नव्या वायरी

जव्हारच्या बाजारात इदरीसभाईच्या रिपेरिंगच्या दुकानात अर्धं टेबल अडवून बसलेला एक मल्टीमीटर होता, आणि त्या मीटरपेक्षा मोठा इदरीसचा शब्द होता. वायरींची दोन टोकं यंत्राला लावायची. मीटर वाजला तर यंत्र जिवंत. गप्प बसला तर इदरीस मान हलवायचा आणि माणसं निमूट भंगारवाल्याकडे वळायची.

जामसरच्या चैतीमावशीची नाचणी दळायची गिरणीही त्याने अशीच मान हलवून मारली. “मोटर जळाली, मावशी.”

पण गिरणी बचत गटाच्या बायकांची होती. ती भंगारात घालून गावात तोंड कसं दाखवायचं? मावशीने तिथेच फतकल मारली. “परत बघ.”

इदरीस चिडला. मीटर कसा ठणठणीत आहे हे दाखवायला त्याने दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. आता तर मीटरने बोंबलायलाच हवं होतं. मीटर हूं की चूं करेना! लाल वायर आतून तुटली होती. कधीपासून? आणि तोवर किती धडधाकट पंखे भंगारात गेले?

मीटर काखोटीला मारून तो भाच्याच्या, इमरानच्या, वायरींच्या दुकानात गेला.

“मामू, कुठलीपण घ्या. सगळ्या सारख्याच.”

“सारख्या फक्त तुझ्या थापा असतात,” इदरीस म्हणाला.

पहिली जोडी इतकी ताठर, की टोक पुढे न्यावं तर मीटरच मागोमाग यायला निघे. दुसरीची पिन मीटरच्या खोल भोकात अर्धीच जाऊन अडली. तिसरी मऊ होती, पिनही तळापर्यंत बसली. इदरीसने टोकं जुळवली आणि वायर वाकवली, पिळली, मुळापाशी हिसडून पाहिली. आवाज क्षणभरही तुटला नाही. दुकानात बघ्यांची गर्दी झाली.

परत येऊन नव्या वायरी मोटरला लावताच मीटर बोलला. बिघाड नुसता बटणात होता. बटण बदललं आणि गिरणी घरघरली.

“उठवली!” चैतीमावशी बाजारभर ओरडली. “इदरीसने मेलेली गिरणी उठवली!”

इदरीसने खरं सांगायला तोंड उघडलं, पण सगळा बाजार कौतुकाने बघत होता. त्याने ते मिटून घेतलं. लाज वाटली त्याला, पण गोडही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या जीपा भरभरून आल्या. जळके पंखे, बुडालेले पंप, उंदरांनी खाल्लेले मिक्सर. सगळ्यात पुढे लाडक्या नावाचा गडी, चुलीत भाजलेल्या वांग्यासारखा काळा पंखा घेऊन. “चैतीची गिरणी उठवलीस, आता माझा पंखा उठव.”

 शेवटी इदरीस स्टुलावर चढला. “ऐका! गिरणी मेलीच नव्हती. माझीच वायर तुटली होती. नवी घातली, तेव्हा मीटर बोलला. चूक माझी!”

 इदरीसला एकदम हलकं वाटलं. गेला शब्द तर गेला, पण सुटलो एकदाचा.

लाडक्याने समजुतीने मान डोलावली. “तेच तर इमरान सांगत होता. नवी वायर घातली का मेलेलं बोलतं.” आणि त्याने खिशातून इमरानकडून घेतलेली कोरी करकरीत लाल-काळ्या वायरींची जोडी काढली.

मागच्या रांगेतही जो तो आपापली पिशवी चाचपू लागला.