पडद्याच्या आत

"घ्या ना, आई," म्हणत मी बाळाला पुढे केलं, आणि सासूबाईंनी हात मागे घेतले.

"राहू दे तुझ्याकडेच. छान बसलाय."

त्यांची बॅग अजून दारातच होती. चर्चच्या पथकाबरोबर त्या परदेशातल्या एका गरीब वस्तीत, तिथल्या दवाखान्यात सेवेला गेल्या होत्या. इतक्या दिवसांनी नातू समोर, आणि आजी हात मागे घेते? माझ्या डोक्यात लगेच भुंगा सुरू झाला. तिकडून काही दुखणं घेऊन आल्यात आणि लपवताहेत का? की माझंच काही चुकलं?

कारण जाण्याआधी सगळं अगदी उलट होतं. सासूबाईंचं आयुष्य मुलांच्या वॉर्डात गेलं; आधी सिस्टर, मग मेट्रन. निवृत्त झाल्या त्या फक्त कागदोपत्री. बाळ रडलं रे रडलं की दार न वाजवता आत यायच्या, "दे इकडे, तुला नाही जमायचं," म्हणायच्या आणि माझ्या हातातून त्याला उचलून न्यायच्या. बाळ खरंच गप्प व्हायचं, हे जास्त लागायचं. मी एम.ए. झालेली, मोबाइलवर शोधून शोधून मूल वाढवणारी. रिकामे हात घेऊन खोलीत उभी राहायचे आणि वाटायचं, आपण याला नुसता जन्म दिलाय. नवऱ्याला सांगितलं तर तो हसायचा. "मेट्रन आहे ती. मला शाळेत पाठवायची तेसुद्धा डिस्चार्ज दिल्यासारखं."

आता त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. बाळ रडलं की माझ्याकडे बघायच्या.

"काय गं आई, सुट्टीवर आहेस का?" नवऱ्याने विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाची सभा होती. मी बाळाला घेऊन शेवटच्या बाकावर बसले, दाराजवळ. रडलं तर पटकन बाहेर जाता यावं म्हणून. पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "सिस्टर, प्रभूने तिथे तुमच्या हातून काय काय करवून घेतलं, त्याची साक्ष द्या."

सासूबाई उठल्या. पुढे गेल्याच नाहीत, जागेवरूनच बोलल्या.

"तिथे एक मूल आणलं होतं. तापाने फणफणलेलं. आई त्याला सोडेना. मी त्याला घेतलं आणि तिला पडद्याबाहेर काढलं. जन्मभर तेच केलंय मी. आया रडतात, हात धरतात, मग शीर सापडत नाही. मला तिची भाषा येत नव्हती. बाहेरून ती एकच काहीतरी म्हणत राहिली. मी म्हटलं, म्हणू दे. मूल माझ्या हातात गेलं."

कुणीतरी खोकलं.

"मग तिथल्या नर्सबाईंना विचारलं, ही काय म्हणत होती? त्या म्हणाल्या, माझ्याकडे द्या, एवढंच."

"पण वाचलं असतं का हो ते?" पुढच्या बाकावरून एकीने विचारलं.

"नसतं वाचलं. फार उशिरा आणलं होतं. पण तिच्या कुशीत गेलं असतं." त्या जरा थांबल्या. "ती आत आली, तिने त्याला घेतलं. मी तशीच उभी होते. तिने मला स्टूल दाखवलं. खुणेनेच बस म्हणाली. मी बसले."

एवढं बोलून त्या इथेही बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. शेवटी पाळकबाईंनी गीत सुरू केलं, जरा वरच्याच पट्टीत, आणि सगळ्याजणी धडपडत मागोमाग आल्या.

घरी येताना बाळ माझ्या खांद्यावर होतं. त्यांनी एकदा म्हटलं, "त्याची टोपी सरकलीय." स्वतः हात लावला नाही.

पुढच्या महिन्यात बाळाला ताप आला. नवरा कामावर गेलेला. औषध दिलं, तरी अंग निखाऱ्यासारखं. इतके दिवस मनातून हवं होतं ते मिळालं होतं, मूल माझ्याकडे होतं, आणि आता ते मला झेपेना.

"आई, तुम्ही घ्या याला. तुम्हाला कळतं. माझ्या हातून काही झालं तर?"

"मी इथेच आहे. धर तू." त्यांनी पाण्याचं भांडं आणि फडकं माझ्यापुढे ठेवलं. "काखेत पूस. मान. घाई करू नकोस, त्याला कळतं."

दुपारी आम्ही सासूबाईंच्या जुन्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं वाटत नाही, पण रक्त तपासून घेऊ." पडद्यामागे एक तरुण नर्स होती. सासूबाईंना बघून ती चटकन ताठ उभी राहिली.

"मॅडम! या ना. बाळाला द्या, ताई, तुम्ही बाहेर थांबा. आजी असतील आत."

मी सवयीने बाळाला पुढे केलं.

"आई आत राहील," सासूबाई म्हणाल्या. "मी थांबते बाहेर."

"अहो मॅडम, तुम्हीच शिकवलंत आम्हाला, आयांना आत घ्यायचं नाही म्हणून."

"हो. मीच शिकवलं. ते चुकीचं शिकवलं."

नर्स गोंधळून हसली. पडदा सरकला.

"घट्ट धरा हं, ताई." मी धरलं. सुई टोचली आणि बाळाने टाहो फोडला. शीर सापडली नाही. नर्सने दुसरा हात घेतला. एरवी बाहेरून एव्हाना सासूबाईंचा आवाज आला असता, तो हात नको, मनगटाशी बघ. पण बाहेर अगदी शांत होतं. बाळ रडता रडता माझा चेहरा शोधत होतं, सापडला की तिथेच डोळे लावून आणखी रडत होतं.

"आई," मी हाक मारली.

"झालं?"

"नाही अजून. तुम्ही आत या."

"येऊ?"

"या ना. मला भीती वाटतेय."

पडदा हलला. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आता हात पुढे येतील आणि बाळाला घेतील, असं वाटून मी पकड जराशी सैल केली. हात आला तो माझ्या पाठीवर. तिथेच राहिला. नर्सने मान खाली घालून पुन्हा शीर शोधायला सुरुवात केली.